विलायतेला व्हिसा लागत नाही

२४ ऑगस्ट १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. खंड पडू द्यायचा नाही.
शोभाचं पत्र आलं. लेस्टरला थंडी सुरू होईल म्हणते. नोव्हेंबरअखेर तिचं पहिलं बाळंतपण. जावई दिवसभर कारखान्यात, घरी दुसरं कोणी नाही. महिनादोन महिने या, असं लिहिलंय. पत्र तिच्या आईच्या, म्हणजे प्रेमिलाच्या नावाने आहे, पण इंग्रजी जाणणारा माणूस सोबत हवाच. ते लिहायचं राहून गेलं असणार.
शेजारचे वामनराव मास्तर विचारत होते, व्हिसाचं काय? हसू आलं. समजावून सांगितलं : आपण कॉमनवेल्थवाले. थोड्या दिवसांसाठी इंग्लंडला जायला व्हिसा लागत नाही. विमानातून उतरायचं, काउंटरवर पासपोर्ट ठेवायचा, किती दिवस राहणार ते सांगायचं, साहेब शिक्का मारतो. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. नियम मला विचारावेत.
वामनराव म्हणाले, "बापा!"

२ सप्टेंबर
पेपरात बातमी. पंधरा ऑक्टोबरपासून भारतीयांना विलायतेसाठी आधी व्हिसा काढावा लागणार. दोनदा वाचली. तिकडे जाऊन चोरून नोकऱ्या करणाऱ्यांसाठी आहे, हे उघड आहे. 'भारतीय' हा शब्द ढोबळ अर्थाने वापरलाय.
वामनराव कात्रण घेऊन आले. पेपरवाल्यांना नियमातला बारकावा कळत नाही, असं सांगून परत पाठवलं. कात्रण ठेवून घेतलं.

९ सप्टेंबर, रात्री ८
वामनरावांकडे शोभाचा ट्रंककॉल. "बाबा, काहीही करा, पण पंधरा ऑक्टोबरच्या आत या. नंतर मुंबईला रांगा लागतील." आवाज रडवेला वाटला. लाईन खराब असेल. तिला कॉमनवेल्थचा इतिहास सांगायला घेतला तर प्रेमिलाने रिसीव्हर ओढून घेतला आणि म्हणाली, "येते माय. डिंक आणते." संपलं. एवढ्या महाग कॉलवर काय बोलावं, याचा पाचपोच नाही.
घरी आल्यावर मला म्हणे, "मंग आत्ताच काहून नाही जात?"
बायकांना नियोजन कळत नाही. १९ पासून पितृपक्ष. त्यात सीमा ओलांडून कोणी जातं? सूट शिंप्याकडे आहे. सेवानिवृत्त संघ १६ ऑक्टोबरला माझा विलायत-प्रस्थान सत्कार करतोय, त्याच्या पत्रिका छापल्यात. तेव्हा प्रयाण १८ ऑक्टोबर. ठरलं म्हणजे ठरलं.
संकल्प : रोज अर्धा तास इंग्रजी बोलणे. घरात कोणी बोलणारं नाही, ही अडचण.

१६ ऑक्टोबर
सत्कार उत्तम. 'इंग्रजांची नियमनिष्ठा' यावर पाऊण तास बोललो. मागून कोणीतरी ओरडलं, "व्हिसा झाला का?" मी दिलखुलास हसलो. इतर कोणी हसलं नाही. सभ्य लोक आहेत.

१७ ऑक्टोबर
नागपूरला सीताबर्डीच्या तिकीटवाल्याकडे गेलो. तो म्हणतो, व्हिसा नसेल तर विमानातच चढू देणार नाहीत. त्याला सगळा कायदा समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, आज सतरा तारीख आहे."
हिंगण्याच्या बसमध्ये उभ्याने घरी आलो.
प्रेमिलाला सांगितलं की ब्रिटिश सरकारने शब्द फिरवला. ती डिंक तळत होती. वर पाहिलं नाही. झारा फिरवत म्हणाली, "पोरगी एकटी हाये तिकडं."
जेवण झालं. 

२९ ऑक्टोबर, मुंबई
ब्रिटिश कचेरीबाहेर पहाटेपासून रांग. पुढे तीनशे माणसं तरी असतील. ऊन. मी मोठ्याने म्हटलं, हे लोक दीडशे वर्षं आमच्या घरात राहून गेले, त्यांनी कोणाला फॉर्म भरून दिला होता? मागचा गुजराती म्हणाला, "काका, हे आत नका बोलू." घाबरट माणूस.
प्रेमिला रांगेत पोतं टाकून बसली होती. पाच बायकांशी ओळख झाली तिची. एकीने जागा धरली, एकीने चहा दिला. मी शेवटपर्यंत उभा राहिलो. वागण्यात काही एक पायरी पाहिजे.
मुलाखत १२ नोव्हेंबरला. उत्तरं लिहून काढणार. चार पानं होतील.

१२ नोव्हेंबर, मुंबई
मुलाखत झाली. दोघांची वेगवेगळी.
साहेब शोभाहून लहान. गुलाबी. आधी किरकोळ विचारलं : का जाता, किती दिवस, खर्च कोण करणार. मग म्हणाला, मुदत संपल्यावर तुम्ही भारतात परत कशासाठी याल?
मी लगेच ओळखलं. हा माणूस माझी किंमत जोखतोय. घर आहे, पेन्शन आहे, असं रडगाणं गायलं तर साधा क्लार्क दिसलो असतो. म्हणून सांगितलं, साहेब, नागपुरात मला अडवून ठेवणारं काही नाही. इथल्या सरकारने माझ्या गुणांचं चीज केलं नाही. आपल्या देशाला माझ्या प्रशासकीय अनुभवाचा उपयोग व्हावा असं वाटलं, तर मला परत येण्याची मुळीच घाई नाही.
तो बराच वेळ लिहीत होता. उभ्या जन्मात माझं बोलणं कोणी एवढं टिपून घेतलं नव्हतं.
प्रेमिला चार मिनिटांत बाहेर. 'नवरा सांगेल ते' एवढं वाक्य इंग्रजीत पाठ करून घेतलं होतं, ते बोललीच नाही. काय विचारलं, म्हटलं. "त्यानं इचारलं, परत काहून येसान? मी म्हटलं, माही म्हैस पुसाच्या महिन्यात जनणार हाये. पोरीचं झालं का तिचं पाहा लागते." दुभाषी बाई आधी हसल्या म्हणे, मग त्यांनी सांगितल्यावर साहेबही हसला.
कपाळावर हात मारला. तिला धीर दिला, नाही मिळाला व्हिसा तरी वाईट वाटून घेऊ नको. तिकडे पोचल्यावर तुझ्यासाठी शब्द टाकीन.

१४ नोव्हेंबर
पासपोर्ट मिळाले. तिच्या पासपोर्टात शिक्का. माझ्यात एक कागद. मुदत संपल्यावर अर्जदार इंग्लंड सोडून जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटत नाही.
तीनदा वाचला. एका अर्थी हा गौरवच आहे. हा माणूस इथे आला तर राहील, अशी त्यांना धास्ती वाटली.
प्रेमिलाला वाचून दाखवला. तिने स्वतःचा पासपोर्ट पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मंग मी एकटीच जाते."
मी म्हटलं, ते काही इतवारीचं मार्केट नाही. विमानतळावर सगळ्या पाट्या इंग्रजीत.
म्हणाली, "एक महिना गेला तुमच्या सत्कारात. आता नोका बोलू."
बेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी बोलली नव्हती. बोलली असेल, पण मी नोंद ठेवत नव्हतो.

२० नोव्हेंबर, मुंबई, सहार विमानतळ
प्रेमिलाचा वेश : लुगडं, कॅनव्हासचे बूट आणि त्यावर माझ्या नव्या सुटाचा कोट. "तिकडं थंडी राहते. तुमाले आता कायले लागते?"
दारावरच्या शिपायाने मला अडवलं. प्रवाशांशिवाय कोणी आत नाही. मी त्याला नियम समजावले. त्यानेही मला समजावला, एकच.
काचेपलीकडून वळून काहीतरी बोलली ती. ऐकू आलं नाही. हाताने खूण केली : घरी जा, किंवा जेवून घ्या. दोन्ही शक्य आहे. कोटाच्या बाह्या तिला फार लांब होतात. दिसेनाशी होईपर्यंत त्या हलत होत्या.

२८ नोव्हेंबर
तार. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आईमुळे धीर आला, असे तीन जास्तीचे शब्द घातलेत.
स्टोव्हचा धूर डोळ्यात गेला. स्टोव्ह अजून पेटवायचा होता.

१४ डिसेंबर
शोभाचं पत्र. हीथ्रोवर साहेबाने सहा महिन्यांचा शिक्का मारला, तर आई बोटं दाखवून म्हणाली, दोनच पुरे. तो उभा राहून हसला म्हणे. मला तीन आठवड्यांचासुद्धा दिला नाही त्यांनी.
सोबत फोटो. नात आजीच्या मांडीवर, माझ्या कोटात गुंडाळलेली.
अपील करणार. मसुदा उद्यापासून.

२१ डिसेंबर, रविवार
मसुदा झाला नाही. थंडी.
दुपारी वामनराव आले. त्यांच्या मेव्हण्याने ब्रॅडफर्डला बोलावलंय. मी लगेच सतरंजी झटकली, व्हिसाची फाईल काढली, मुलाखतीची चार पानं समोर मांडली. त्यांनी ती हळूच बाजूला सरकवून टेकायला जागा केली. मग विचारलं, "वहिनी कधी येऊन राहिल्या? आत काय बोलायचं ते त्यांनाच विचारीन म्हणतो."
मी म्हटलं, मास्तर, ती चौथी नापास आहे.
म्हणाले, "हो ना. पण त्या गेल्या ना, मनोहरराव."
आणखी दोघांनी असंच विचारलंय म्हणे, मनीषनगरच्या एका बाईने आणि तिच्या दिराने.
११ जानेवारीला येते, असं सांगितलं. पहिला दिवस सोडून द्या, थकलेली असेल. १३ तारखेला दुपारी चार. एकेकाने यावं.
नावं लिहून घेतली.