घांगळी ऐकणारी आय

आये, तुला ऐकायचं वेड होतं. आपल्या साखरशेत गावात कोणाला ताडीचं वेड, कोणाला कोंबडे झुंजवायचं, तुझं हे. बाकीच्या बाया तारपा फुंकणाऱ्याभोवती फेर धरायच्या, लग्नात गाणी म्हणायच्या. तू त्यांच्यात उभी असायचीस, पण तोंड उघडायची नाहीस आणि पायही फारसे उचलायची नाहीस. पण सूर्यमाळचा म्हातारा घांगळी घेऊन डोंगर उतरलाय, अमक्या पाड्यावर बसणार आहे, असं कानावर आलं की तुझ्या हातातलं काम तिथंच थांबायचं. तव्यावरची नागलीची भाकरी तेवढी उतरवायचीस, चुलीतलं लाकूड मागं ओढायचीस आणि लुगड्याला हात पुसत निघायचीस. बाप ओट्यावरून ओरडायचा, "कुठं निघालीस?" तू म्हणायचीस, "आयकाया." "त्यानं पोट भरंल का?" "भाकर झाकून ठेवली हाय." एवढं बोलून तू वाटेला लागलेली असायचीस. शेजारणी हसायच्या. म्हणायच्या, हिला म्हाताऱ्यानं कायतरी खायला घातलंय. तुला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं.

आता शाळेतली मुलं मला विचारतात, गुरुजी, घांगळी कशी असते? मी फळ्यावर काढून दाखवतो. एक बांबू, त्याच्या दोन टोकांना दोन वाळके भोपळे, वर ताणलेल्या तारा, मेणानं बसवलेल्या पट्ट्या, टोकाला मोराची पिसं. चित्र बरं येतं. पण आवाज केवढा असतो हे फळ्यावर काढता येत नाही. तो आवाज अंगणापलीकडं जात नाही. घरात दहा-बारा माणसं दाटीनं बसली, कोणी खोकलं नाही, पोर रडलं नाही, तरच तो सगळ्यांपर्यंत पोचतो. म्हणून तू सगळ्यांच्या आधी जाऊन जागा धरायचीस. भाताच्या कणगीला पाठ लावून, म्हाताऱ्याच्या डाव्या अंगाला. तिथून तारेबरोबर बोटाचं घासणंही ऐकू येतं असं तू म्हणायचीस. तो हलक्या आवाजात गात कणसरीची गोष्ट लावायचा, धान्याची देवी रुसून कशी गेली आणि परत कशी आणली. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. वाजवताना तो कोणाकडं बघायचा नाही, मान खाली, भोपळ्यावर कान टेकल्यासारखी. आणि तूही त्याच्याकडं बघत नसायचीस. तू जमिनीकडं बघायचीस. मी तुझ्याकडं बघत असायचो.

मी जव्हारला राहून सात इयत्ता शिकलो आणि संस्थानच्या मराठी शाळेत मास्तर झालो, तेव्हा शहाणपण बरंच अंगात भिनलं होतं. सुट्टीला घरी आलो होतो, कापणी उरकली होती, आणि दिवस कलताना तू मला बरोबर नेलंस. बाजारपेठेत बैठका ऐकून मी दाद द्यायला शिकलो होतो. म्हाताऱ्यानं एक तान अशी खाली उतरवली की मी मांडीवर थाप मारून मोठ्यानं "वाहवा!" म्हणालो. सगळं घर माझ्याकडं वळलं. म्हाताऱ्याचा हात थांबला. तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की तो आठवडाभर काळा-निळा होता. "तोंड मिट," तू म्हणालीस, "त्याचं बोलून झालं नाय अजून." बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "आये, जव्हारला असंच म्हणतात." तू चालता चालता म्हणालीस, "म्हणत असतील. त्यांना आयकताना पण सोताचा आवाज लागतो."

त्यानंतर तू एकदा जव्हारला माझ्या खोलीवर आलीस, डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन. त्याच दिवशी संध्याकाळी एका कापडवाल्याच्या माडीवर सारंगीची बैठक होती. कोणी बाहेरगावचा वादक, मोठा म्हणत होते. मला मास्तर म्हणून कोपऱ्यात सतरंजीवर जागा मिळाली. तुला वर कोणी घेतलं नसतं, आणि हे आपल्या दोघांनाही बोलल्याशिवाय कळत होतं. तू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलीस. मी म्हणालो, "मी पण इथंच बसतो." तू म्हणालीस, "जा तू. मला भिंतीतून बरं आयकाया येतं." वर वाहवा चालली होती, अत्तर फिरत होतं, आणि माझं अर्धं लक्ष जिन्याकडं होतं. परत येताना मी विचारलं, कसं होतं? तू म्हणालीस, "हात चांगला हाय रे त्याचा. पण माणसांकडं बघत वाजवतो." तू त्याला बघितलंही नव्हतंस. मी हसलो. आज त्या वादकाचा चेहरा आठवतो तेव्हा पटतं, तो खरंच प्रत्येक जागेनंतर डोळे फिरवून बघत होता.

मग म्हातारा यायचा बंद झाला. एक कापणी गेली, दुसरी गेली. बाजारात कोणी सांगितलं, त्याच्या घांगळीचा एक भोपळा तडकलाय आणि उन्हाळ्यानं तिकडचे वेल जळालेत. त्या पावसाळ्यात तू कुडाच्या छपरावर वेल चढवलास आणि एक भोपळा राखलास. त्याला कोणाचा हात लागू दिला नाहीस, बापानं भाजीला मागितला तरी नाही. थंडीभर तो चुलीवर टांगून सुकवलास. चैत्र संपता संपता माझी शाळा सुटली तेव्हा तो फडक्यात बांधून तू तयार होतीस. "चल," म्हणालीस, "सूर्यमाळला जाऊन येऊ."

ती वाट मला अजून दिसते. मोखाड्याच्या अलीकडं ओळखीच्या घरी आपण पाठ टेकतो, तिथली बाई आपल्याला पाण्याचा तांब्या देताना आत रांजणात बघते, किती उरलंय ते. वर चढावं तसं रान कोरडं होत जातं. सूर्यमाळच्या त्या पाड्यात पोचलो तर घरात म्हातारा एकटाच होता. त्याची म्हातारी पहाटेची झऱ्यावर गेलेली. तिथं पाणी पाझरून साठायची वाट बघत सगळा पाडा भांडी मांडून बसतो. त्यानं तुला ओळखलं. म्हणाला, "कणगीपाशी बसणारी का?" आयुष्यभर कोणाकडं न बघणाऱ्या माणसानं ते बघून ठेवलं होतं. तू फडकं सोडलंस. त्यानं भोपळा हातात घेऊन टिचकी मारली, कानाला लावला, पुन्हा टिचकी मारली. दुपारभर तो उन्हात मेण मऊ करत होता आणि तू बांबू धरून बसली होतीस. मी विचारलं, "तुमचा मुलगा शिकला का हे?" तो म्हणाला, "तो कोळशाच्या भट्टीवर गेला. बोटं जळली त्याची. आता कोणाला देऊ?" मग तुझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, तुला सगळं ठावं हाय. तूच ठेव." तू घाबरून हात मागं घेतलास. "दादा, मी आयकणारी. मला वाजवाया कुठं येतं?"

उन्हं उतरल्यावर तो पडवीत बसला. म्हातारी रिकाम्या हंड्यानं परतली होती, शेजारच्या दोघी आल्या, तू आणि मी. एवढीच माणसं. नव्या भोपळ्यातून आवाज जरा जाड येत होता. तो थांबला, मेण दाबलं, पुन्हा लावलं, आणि मग ते जमलं. त्याआधी आणि त्यानंतर मी तसं काही ऐकलेलं नाही. आये, मी खरंच ऐकत होतो, दाद द्यायची आठवणसुद्धा झाली नाही. आणि एवढ्यात खालून हाक आली, "पाणी आलं गं!" म्हातारी उठली, शेजारणी उठल्या. म्हातारीचे गुडघे बघून मी तिच्या हातातला हंडा घेतला. तू उठली नाहीस. म्हाताऱ्यानं वाजवणं थांबवलं नाही. उतारावर दहा पावलं गेल्यावरच मला ऐकू येईना.

अर्धा हंडा गढूळ पाणी घेऊन वर आलो तेव्हा घांगळी खुंटीला टांगलेली होती. म्हातारा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता, आणि तू जमिनीकडं बघत होतीस. मी विचारलं, "काय वाजवलं मग?" तू मान हलवलीस. वाटेत पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, "ते कधी वाजवलं नव्हतं त्यानं." "कसं होतं?" तू तोंड उघडलंस, मला वाटलं गुणगुणून दाखवशील. पण नाही. म्हणालीस, "आता काय सांगू तुला? गेलं ते."

त्याच पावसाळ्यात म्हातारा गेल्याचं बाजारात कळलं. घांगळी त्याच्याबरोबरच पुरली. पुढं तापाची साथ आली, एकेका पाड्यावर चुली पेटायच्या बंद झाल्या, आणि मला निरोप येईपर्यंत तुझं अंग विस्तवासारखं झालं होतं. बाप आधीच गेला होता. मी तुझ्याजवळ बसलो. मला वाटलं, तुझ्यासाठी एवढंच करता येईल. म्हणालो, "आये, म्हातारा गायचा ते म्हणू का?" तू डोळे उघडलेस. "नको बाळा," म्हणालीस, "तुला येत नाय." मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

घांगळी वाजवणारे अजून आहेत, दोघं-तिघं. मी जातो ऐकायला, जमेल तेवढं. गोष्ट तीच, हात बरे आहेत. पण मी बसतो तेव्हा कोणीतरी उठून जाईल असं वाटत राहतं, आणि त्यातच ते संपतं. आणि बहुतेक वेळा उठून जातातच. पोरं बिगारीला गेलेली, म्हातारी माणसं थकलेली. मागच्या खेपेला ऐकायला घरधनी, त्याची सून आणि मी. पुढच्या कापणीला तेवढेही नसतील.

आणि आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. इथल्या एका लाकडाच्या ठेकेदाराच्या घरी लग्न होतं. मुंबईचे पाहुणे येणार, त्यांना रानातलं वाद्य दाखवायचं म्हणून त्याचा माणूस माझ्याकडं आला. मी नाही म्हणायला हवं होतं की हो, मला अजून ठरवता येत नाही. वाटलं, चार माणसांनी तरी ऐकावं. एका वाजवणाऱ्याला मी घेऊन गेलो. त्याला मांडवाच्या मधोमध पाटावर बसवलं. दोनशे माणसं, पंगतीची धावपळ, कोपऱ्यात बँडवाले पितळी भोंगे पुसत बसलेले. त्यानं लावायला घेतलं तेव्हा एक पाहुणा म्हणाला, "सुरू झालं का?" दुसरा म्हणाला, "तारा जुळवतोय बहुतेक." थोड्या वेळानं बँड सुरू झाला. कोणी मुद्दाम केलं असं नाही, नवरदेव दारात आला होता. तो वाजवणारा थांबला नाही. अर्धवट सोडली तर कणसरी रुसते, असं तो मानतो. त्या गोंगाटात त्यानं गोष्ट शेवटपर्यंत नेली, आणि पूर्ण वेळ माझ्याकडं बघत राहिला. कोणीतरी ऐकतंय एवढं त्याला दिसायला हवं होतं. मी समोर बसून संथ लयीत मान हलवत होतो, योग्य जागी डोळे मिटत होतो. घरी जाताना तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही होते म्हणून वाजवलं."

आये, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगायचं? हे पत्र कुठं जाणार नाही, आणि गेलं असतं तरी तुला वाचता येत नव्हतं. म्हणून लिहून टाकतो. मी त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो, आणि मला त्यातला एक सूरही ऐकू आला नाही.