उजवी शिंप

खडेबाजार, बेळगाव
१५ फेब्रुवारी १९३७

प्रिय मालू,

सव्वीस वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकू नकोस. उजवी शिंप सापडली!

कॉलेजात असताना काठेवाडच्या खाणीत आपल्या दोघींना मिळालेला तो लाखो वर्षांपूर्वीचा, पंख्यासारखा शिंपला. डावी शिंप माझ्याकडे राहिली, उजवी हरवली. सर म्हणाले होते, उजवीचा कान, बिजागरीजवळचा तो पसरट भाग, पाहिल्याशिवाय प्रजाती नवी की जुनी ते ठरणार नाही.

परवा शहापूरला यल्लव्वाकडे गेले होते. आमच्या घरी झाडलोट करायची ती. आता मुलाचे दोन माग आहेत. तिच्या देव्हाऱ्यात शेंदराचा चपटा गोळा होता, कडेला दातेरी. विचारलं, तर म्हणाली, "यल्लम्माची परडी हाय ती. लई जागृत." जोगतिणींच्या हातातली परडी अगदी तशीच पसरट असते खरी. पण मी बोट फिरवलं, तर शेंदराखाली पन्हळी लागल्या. मालू, पंख्यासारख्या पसरत गेलेल्या!

ती मात्र शेंदूर काढू देईना. देवीचं कवच आपल्या मनानं खरवडायचं नसतं. अखेर कौल लावायचा ठरला. शकुन-अपशकुनावरून शाळेतल्या मुलींना फटकारणारी मी, ओल्या शेंदरावर चिकटवलेल्या दोन फुलांकडे पाऊण तास पाहत बसले. होकाराचं फूल पडलं, तेव्हा आधी मीच ओरडले. यल्लव्वा हसून म्हणाली, "शाळंत न्हाय म्हणता, आनि हितं हात जोडून बसलासा की ओ!"

कोमट तेलानं थर सुटत गेले. आता नीट वाच. सतरा फासळ्या, गोल पाठीच्या. मधल्या पन्हळींत बारीक खवल्यांच्या ओळी. वाढीच्या रेषा कडेजवळ दाट होत गेलेल्या. पुढचा कान मागच्याच्या दुप्पट, त्याखाली खोल खाच, आणि खाचेच्या काठावर कंगव्यासारखे पाच दात! पुस्तकातल्या सर्वांत जवळच्या प्रजातीला तेवीस फासळ्या आहेत आणि खाच उथळ. डावी शिंप वर ठेवून पाहिली. एकीची फासळी दुसरीच्या पन्हळीत चपखल बसली. आपली प्रजाती नवीच आहे!

ती तुझ्या ट्रंकेतून हरवली, असं तेव्हा मी सरांना लिहिलं होतं. आपल्या शिंपल्यावरच्या निबंधावरून तुझं नाव गेलं, आणि तू माझ्या आयुष्यातून. परवा यल्लव्वाला विचारलं, तुला ही मिळाली कुठून? "तुमीच की ओ! सुट्टीला आलतासा, पेटी आवरताना कागदाचा बोळा दिलासा, कचरा टाक म्हणून. सोडून बघितलं तर आत देवी." माझी पेटी, माझाच हात. चूक माझी होती मालू, आणि आळ मी तुझ्यावर घेतला. तो निबंध छापणाऱ्या संस्थेला हे सगळं सकाळीच लिहून टपालात टाकलं. मग हे पत्र लिहायला बसले, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. नव्या निबंधावर तुझं नाव आधी असेल. चित्रं तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाहीत, आणि यल्लव्वानं शिंप पौर्णिमेपर्यंतच दिली आहे. तुमच्या निपाणीहून सकाळची मोटार आहे. यायचं नसेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. तो अधिकार माझा नाही.

तुझीच म्हणवून घ्यायची परवानगी मागणारी,
बनू