ममताचा नारंगी फ्रॉक

प्रशिक,

पोळ्या डब्यात आहेत, वाढून घे. तुझा कॅमेरा मी नेते आहे. हो, न विचारता.

परदेशीपुऱ्याच्या मिल-कामगार वस्तीतल्या माझ्या वर्गाचे फोटो तू ब्लॅक अँड व्हाइटवर सेट करून काढलेस, हे मला काल मुलांना प्रिंट दाखवताना कळलं. ममताने विचारलं, "मैडम, मेरी फ्रॉक तो नारंगी है ना?" कापडाची मिल बंद पडली तेव्हा तिच्या वडिलांची रंगखात्यातली नोकरी गेली. त्या माणसाने फोटोसाठी घरच्या पातेल्यात तो फ्रॉक रंगवला होता. मी तिला काय सांगू?

रात्री तुला विचारलं तर हसून म्हणालास, "आत्या, देणगी हवी तर गरिबी दिसली पाहिजे." माझी मुलं शिकतात, भांडतात, नटून येतात. ते नको दिसायला? कॅमेऱ्यातच असं सेट केलं की रंग मागाहून आणता येत नाहीत, हे तूच मला समजावलं होतंस. म्हणजे चुकून नाही, ठरवून केलंस.

प्रेसला फोन करून हे फोटो घातलेलं देणगीचं पत्रक छापायचं थांबव. नाहीतर त्यावरून माझ्या वर्गाचं नाव काढ. असल्या देणगीवाचून आम्ही ओट्यावर बसून शिकू.

मेनूतली रंगाची सेटिंग मी शोधून काढली आहे. आज ती मुलांना शिकवणार, आणि मुलंच एकमेकांचे फोटो काढतील. तुला यायचं तर ये, पण धुतलेला शर्ट घालून. ममता तुझाही फोटो काढणार आहे.

आत्या