मातीचा तवा खोपटला आहे

५ एप्रिल. मनूकडे, ह्यूस्टन.

पाणी भरून झालं, तुळशीला घातलं, मग उकड काढली. आमच्या मानपाड्याला पाणी पावणेसहाला येतं नि साडेसहाला जातं, तेवढ्यात सगळं उरकायचं. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशीही तसंच. तांदळाच्या तीन भाकऱ्या थापल्या. दोन ह्यांच्या डब्यात, एक ताटात. ताटातली संपवून हे म्हणाले, "अजून एक टाक ना." मी म्हटलं, "पीठ संपलं."

पिठाच्या डब्यात अजून दोन भाकऱ्यांचं पीठ होतं. मला केर काढायचा होता, एवढंच. हे कंपनीत गेले. दुपारी कंपनीतून फोन आला.

आज का आठवलं कोण जाणे. मनूकडे केर काढायला एक चपटं यंत्र आहे, एकटंच घरभर फिरतं. मी पाय वर घेऊन बघत बसते.

मनूने परत विषय काढला. "आई, आता कायमची ये. कागदपत्रं मी करते. मानपाड्याची जागा भाड्याने देऊ. दोन वर्षं एकटी राहिलीस, पुरे झालं." जायच्या आधी सांग म्हणाली. वीस तारखेचं परतीचं तिकीट आहे.

७ एप्रिल. सोमवार.

मनूने सुट्टी काढली, मला समुद्र दाखवायला. समुद्र राहिला बाजूला. वळण चुकलं. टायरच्या दुकानामागे एक बसकं घर, निळी-पांढरी पाटी. मनूने वाचून सांगितलं, एल साल्वादोर देशाचं जेवण मिळतं. भूक लागलेली. गेलो.

पाच टेबलं. आम्ही सोडून एक म्हातारा, तोही झोपेला आलेला. मनू दवाखान्यात काम करते, तिथे रोज लागते म्हणून तिला स्पॅनिश येते. तिने सांगितलं, आईचा सोमवार आहे, मांस नको. हॉटेलवाली बाई हसली. त्यांच्यातही ईस्टरच्या आधीचे शुक्रवार बिनमांसाचे असतात म्हणे. बाईचं नाव मार्ता. माझ्याच वयाची असेल, साठीची.

मग आतून थापण्याचा आवाज आला. ओल्या हाताचा. मी उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

तांदळाचं पीठ! आमच्यासारखंच पांढरं, मऊ. ती गोळ्याला खळगा करते, पुरणासारखी वाटलेली घेवड्याची उसळ आणि चीज भरते, तोंड बंद करून दोन्ही तळव्यांत थापते. जाड. पुपुसा म्हणतात. बरोबर आंबवलेली कोबी आणि टोमॅटोचं पातळ सार. मनूने काटा उचलला तर मार्ता आतून ओरडली. मनू म्हणाली, "आई, ही तुझ्यासारखीच आहे, हाताने खा म्हणतेय."

दोन खाल्ले. चव चांगली. पण माझं लक्ष परातीकडे. मनूला म्हटलं, विचार, मी एक थापू का? मनू लाजली, पण विचारलं. मार्ताने नळ दाखवला, हात धुऊन आत ये.

गोळा घेतला, पाणी लावलं, थापत गेले. पातळ. तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. फुगली. मार्ता डोकावून बघत होती. "आत काय भरलं विचारतेय." मी म्हटलं, "काही नाही भरायचं." ते मनूने सांगितल्यावर मार्ता इतकी हसली की म्हातारा जागा झाला. सारणच विसरली बिचारी, असं म्हणाली म्हणे. मग अर्धी तिने खाल्ली, अर्धी मला दिली. उभ्यानेच.

तिचा तवा लोखंडी. माझा मातीचा आहे, असं मी मनूकडून सांगितलं. तिचाही मातीचाच होता. अमेरिकेत येताना फुटेल म्हणून बहिणीकडे ठेवला, परत आल्यावर नेईन म्हणून. बहीण गेली. घर दुसऱ्या कोणाचं झालं. तवा कोणाकडे आहे ते माहीत नाही. हे सांगताना ती भाकऱ्याच थापत होती. पुपुसा.

गाडीत मनूने पट्टा लावला. मग म्हणाली, "आई, महिना झाला तुला येऊन. मला एकदाही भाकरी करून दिली नाहीस."

"तांदळाचं पीठ कुठे आहे तुझ्याकडे?" म्हटलं.

तिच्या फडताळात आहे. आल्या दिवशीच पाहिलं होतं.

१० एप्रिल.

नकाशाच्या पुस्तकात एल साल्वादोर शोधला. करंगळीच्या नखाएवढा. समुद्राला लागून. तांदूळ पिकत असणारच.

हे गेल्यापासून मी घरी भाकरी केलेली नाही, ते मनूला ठाऊक नव्हतं. आज सांगितलं. पिठाचं नाही सांगितलं.

२० एप्रिल. विमानतळ.

"काय ते सांगितलं नाहीस." "घरी जाऊन सांगते." "आई, घर म्हणजे कुठलं ते तरी सांग." तिचे डोळे भरलेले. मी तिच्या गळ्यातली साखळी सरळ केली.

२६ एप्रिल. मानपाडा.

तुळस शेजारच्यांनी जगवली. झोप अजून उलटसुलट.

परवा मनूचा फोन. "ठरलं का?" मी म्हटलं, "एक महिना दे." ती म्हणाली, "महिन्यात काय होणार आहे?" मुलगी बोलावते, मनापासून बोलावते, आणि मी महिना मागते. वाईट वाटलं.

फोन ठेवला आणि जाऊबाईंना लावला, खोपटला. ह्यांचं तेरावं झालं तेव्हा मीच म्हटलं होतं, हा तवा माझ्या डोळ्यांसमोरून न्या.

"काय गो, अमेरिका फिरून आलीस आणि तवा आठवला?"

"आहे ना पण?"

"माळ्यावर असेल. फुटला नसला तर. पण तुला कशाला आता? मनू तुला नेणार ना? तो विमानात न्यायचाय का?"

"तसं काही नाही."

"मग इथेच राहणार?"

"तसंही काही नाही, जाऊबाई. तुम्ही आधी माळ्यावर बघा."

दुसऱ्या दिवशी खोपटला गेले. तवा साडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसने परत आले.