धबधब्यापाशी ती हो म्हणाली

२ जून

इंगविल्ड शनिवारी येतेय. घरी नाही. बेर्गनहून निघायचं, बोट, मग ट्रेन, आणि तशीच वरच्या वर ओस्लोला परत. तिच्या नवऱ्याला, सिंद्रेला, फ्योर्ड बघायचाय. पोरगी या पाण्याकाठी वाढली, आता तिकीट काढून बघणार. मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, फुकट होता तेव्हा खिडकीला पाठ करून बसायचीस.

ती म्हणाली, आई, तूही चल ना.

ऑक्टोबरात तिला मूल होणार. ओस्लोतल्या त्या खुराड्यात. लिफ्ट नाही, खिडकीतून समोरच्याची भांडी दिसतात. माझा तिथे दोन दिवसांत जीव गुदमरतो. मूल इथेच वाढलं पाहिजे, माझ्या माळ्यावरच्या खोलीत. हे तिला सांगायचं. गोड बोलून. मला गोड बोलता येतं, लोक संधी देत नाहीत.

४ जून

जन्मभर हॉटेलात त्या ट्रेनने आलेल्यांच्या चादरी धुतल्या. मजेसाठी कधी बसले नाही. शेजारीण मॉलफ्रिड म्हणाली, ओडनी, पोरीला घरी बोलाव, जेवायला घाल, मग विचार. म्हटलं, घरात माणूस सावध होतं. बोटीवरून कुठे पळेल?

ठरलं. विषय बोटीवर. सिंद्रेच्या दाढीबद्दल अक्षर काढायचं नाही.

७ जून, सकाळ, बोटीवर

पहाटेच्या बसने फ्योर्डच्या दुसऱ्या टोकाला, गुडवांगेनला येऊन पोरांबरोबर बोट धरली. ब्रेड आणि तपकिरी चीज बांधून आणलंय. बोटीवरचं विकत घ्यायला मी काय टूरिस्ट आहे?

डेकवर सगळं जग फोन काढून उभं. आम्हा तिघांच्या मधे घुसून डोंगराचे फोटो. एकाला माझं कोपर लागलं, चुकून. दोनदा. विषय काढायला तोंड उघडलं तर सीगलने हातातला ब्रेड नेला. इंगविल्ड हसली, मग कठड्यावर वाकून ओकली. सिंद्रे तिची पाठ चोळत होता. म्हटलं, दाढी बाजूला घे, वारा लागू दे तिला. हे दाढीबद्दल नव्हतं, वाऱ्याबद्दल होतं.

विषय ट्रेनमध्ये.

७ जून, दुपार, ट्रेनमध्ये

आमच्याच गावात बोट सोडून गाडीत बसलो. घर खिडकीतून दिसलं. सिंद्रे म्हणाला, किती शांत आहे हो. माणूस वाईट नाही.

बोगदे फार. बोगद्यात मी वाक्य जुळवते, उजेड आला की इंगविल्ड म्हणते, आई, मलाही तुला एक विचारायचंय, आणि पुढचा बोगदा येतो. माळाच मागणार, दुसरं काय? वर धबधब्यापाशी गाडी थांबते. तिथे बोलेन.

७ जून, संध्याकाळ, घरी

झालं एकदाचं.

धबधब्यापाशी सगळे उतरले. पाण्याचा असा दणदणाट की स्वतःचा खोकला ऐकू येईना. त्यात कर्ण्यावर गाणं, आणि कड्यावर लाल कपड्यात हुल्ड्रा होऊन एक मुलगी नाचत होती. लहानपणी या हडळीची आम्हाला भीती घालायचे. आता तिला पगार आहे. मी इंगविल्डचा हात धरून सगळं सांगितलं. घर, माळा, पाळणा. तिने मान हलवली. मग तीच कितीतरी बोलली, डोळे पुसत. एक अक्षर कळलं नाही, पण आनंदाचंच होतं. मीही मान हलवली.

पुन्हा विचारलं नाही. झालेलं बोलणं आमच्याकडे उकरत नाहीत, समोरच्याच्या शब्दावर भरवसा नाही असं दिसतं. पुढे मिरडालपर्यंत हवापाण्यावर बोललो. तिथे ओस्लोची गाडी धरायला उतरताना तिने मला मिठी मारली. आमच्या घरात मिठी फक्त मयताला मारतात. म्हणजे नक्की झालं.

१२ जून

माळ्याला पिवळा रंग दिला. मॉलफ्रिड म्हणाली, अगं, फोन करून नीट विचार एकदा. म्हटलं, तुझी मुलं येत नाहीत म्हणून जळतेस. अर्धी कॉफी टाकून गेली. फार मनाला लावून घेते बाई.

१८ जून

इंगविल्डचा फोन. शनिवारी ट्रेलर घेऊन येतोय म्हणाली. म्हटलं, मोठा आणा. ती म्हणाली, आई, तू इतक्या सहज तयार होशील असं वाटलं नव्हतं. म्हटलं, मी कधी अडवलंय तुला?

२१ जून

ट्रेलर आला. रिकामा.

सिंद्रे म्हणाला, आधी तुमचा पलंग चढवू की कपाट?

ओस्लोत माझ्यासाठी खोली लावून ठेवलीय. बाळापाशी राहायला. इंगविल्ड म्हणाली, धबधब्यापाशी विचारलं होतं की, तू हो म्हणालीस. म्हटलं, मीही विचारलं होतं, तूही हो म्हणालीस. ती म्हणाली, तू काय विचारलं होतंस?

तिला माळ्यावर नेलं. तिने भिंत बघितली, पाळणा बघितला आणि जिन्यातच बसली. म्हणाली, तुझ्या खोलीला आम्हीही पिवळाच दिलाय गं.

मी शेजारी बसले. पायरी अरुंद आहे. नको म्हणायला तोंड उघडलं, तिचं पोट बघून मिटलं.

खालून सिंद्रेने हाक मारली, पलंग बांधला, आता कपाट नेऊ का?

आम्ही दोघी गप्प. आमच्याकडे गप्प बसलं की हो धरतात.

कपाट गेलं.