अंगठ्याचं आंदोलन

४ मार्च, सकाळ
अनर्थ! ॲप अपडेट झालं आणि फोटोखालची नावं गायब. कोणी अंगठा दिला हे आता दिसणारच नाही म्हणे. वातावरण मोकळं राहावं म्हणून. कोणी मागितलं होतं मोकळं वातावरण? स्टुडिओ उघडला की मी समोरच्या रस्त्याचा एक फोटो टाकतो, आणि पहिला अंगठा माझ्या मुलीचा असतो. पासपोर्ट फोटोवाली गिऱ्हाइकं त्यानंतर. आजही अंगठे आलेत, पण कोणाचे ते देव जाणे.
माझं वैयक्तिक काही नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

५ मार्च
मुलगी स्टुडिओ सोडून परगावी नोकरीला गेली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. अबोला तिने धरलाय, मी नाही. मी एवढंच म्हणालो होतो की या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. त्यात इतकं धरून बसण्यासारखं काय आहे? पण रोज अंगठा देते. म्हणजे आतून विरघळलीये. माझ्या अंदाजाने उन्हाळ्यापर्यंत स्वतःहून फोन केला असता. आणि नेमका आत्ताच यांनी घोळ घातला!
बायको म्हणाली, मग तुम्हीच करा की फोन. तिला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.

६ मार्च
कंपनीला खरमरीत ईमेल पाठवला. लगेच उत्तर: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. लगेच! तिकडे धाबं दणाणलंय.

९ मार्च
ठरलं. पुढच्या रविवारी संपूर्ण बहिष्कार. दिवसभर कोणीही ॲप उघडायचं नाही. ॲपवरच जाहीर केलं, दुसरीकडे कुठे करणार? भराभर पाठिंबा आला.
शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला, नावं गेली ते बेस्टच झालं, मेहुण्याच्या फोटोला अंगठा दिला नाही तरी आता त्याला कळत नाही. फितूर लेकाचा. पाठिंबा मात्र देतो म्हणाला.

१६ मार्च, रविवार, सकाळी ८
बहिष्कार सुरू. फोन कपाटात. मन कसं हलकं झालंय.

८.२०
बहिष्कार यशस्वी होतोय की नाही, हे ॲप उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. याचा विचार आधी व्हायला हवा होता.

८.२५
निरीक्षक म्हणून उघडलं. निरीक्षण बहिष्कारात मोडत नाही.
झाडून सगळे हजर! आज आम्ही बहिष्कारावर आहोत, असं जो तो ॲपवरच लिहितोय. चष्मेवाल्याने तर बहिष्काराचा व्हिडिओ टाकलाय, फ्रेमवरच्या सवलतीसकट. तुफान चाललाय. कपाळावर हात मारून घेतला.
मग लक्षात आलं, मुलीचं नाव कुठेच नाही. ना पाठिंबा, ना शेरा. अख्ख्या दुनियेत एकटी तीच बहिष्कार पाळतेय! शेवटी रक्त आहे माझं. ऊर भरून आला.

१७ मार्च
तिला शाबासकी द्यायला हवी. उद्या फोन करणार. बाप म्हणून नव्हे, आंदोलनाचा नेता म्हणून. बायकोचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, आंदोलनाचं काही काढू नका हो, नुसतं कशी आहेस विचारा. नेत्याने असले प्रश्न विचारायचे नसतात.

१८ मार्च, दुपार
केला. कोण बोलतंय, असं तिने विचारलं. फोन बदलला असेल, नंबर गेला असेल. मी नाव सांगितलं. मग बहिष्काराबद्दल जाहीर आभार मानले. ती म्हणाली, कसला बहिष्कार? ते ॲप तिने घर सोडलं तेव्हाच काढून टाकलं म्हणे. मग रोजचे अंगठे? कुठले अंगठे, म्हणाली.
स्वयंपाकघरात गेलो. बायको भांडी विसळत होती. वळलीसुद्धा नाही. म्हणाली, तिचा जुना फोन इथेच राहिला होता, त्यात ॲप तसंच होतं, सकाळी चहा ठेवला की मीच द्यायचे. तुमचा दिवस बरा जायचा. आता नावच दिसेना म्हटल्यावर सोडून दिलं.
 

१९ मार्च
मुलीला पुन्हा फोन केला. आवाज अगदी स्वच्छ, एक शब्द तुटला नाही. कशी आहेस, विचारलं. बरी, म्हणाली. काही काम होतं का, तिने विचारलं. नाही, म्हणालो. मग तिला मीटिंग होती.
बायको दारात उभी होती. काय म्हणाली, विचारत होती. मी सांगितलं, खूप बोलली, मध्येच थोडी रडलीसुद्धा. बायकोने पुढे काही विचारलं नाही.