बगळा, भूत आणि मामांचं चालणं

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप हरेश्वरमामांस,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

भाची दहा किलोमीटरवर राहते आणि पत्र काय पाठवते, असं तुमच्या मनात येईल. पण ऑफिसने माझा फोन आणि लॅपटॉप दोन्ही तपासायला काढून घेतलेत. चौकशी होईपर्यंत विकीला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, अशी लेखी ताकीदही आहे. तुमचा लेक तुमच्याच घरात, म्हणजे मला वटारला यायचीही चोरी. म्हणून केळी विकायला इकडे येणाऱ्या मेलरॉयच्या हाती हे देते आहे.

झालं असं. गेल्या आठवड्यात आमच्या 'निळी शाई' स्टुडिओच्या नव्या कार्टून सिनेमाची जाहिरात आली. त्यातला म्हातारा बगळा मी चालवलाय. नुसत्या त्या चालीला तीन महिने घातले. डाव्या पायाने आधी जमीन चाचपायची, मग भार द्यायचा, चार पावलं गेली की थांबायचं, खांदा पाडून मान जराशी मागे वळवायची आणि पुन्हा निघायचं. तीन दिवसांनी विकीच्या 'फटाका' स्टुडिओची जाहिरात आली. त्यात एक पहारेकरी भूत आहे आणि मामा, ते मेलं डिट्टो माझ्या बगळ्यासारखं चालतं! लोकांनी दोन्ही शेजारी शेजारी लावून गावभर फिरवलं.

दर दिवाळीला तुमच्या ओटीवर आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायची, फटाकावाले आज ठरवतात आणि उद्या उरकतात, त्यांच्यात कल्पकता कुठली! विकी म्हणायचा, निळी शाईवाले गवताच्या एका पात्याला महिना लावतात आणि त्याला कला म्हणतात. तुम्ही चिवड्याच्या वाट्या पुढे करून दोघांना गप्प करायचात. आता ते भांडण चिवड्यावर मिटणारं नाही.

सोमवारी १७ तारखेला चौकशी आहे. मीच चाल भावाला दिली असं ठरलं तर नोकरी जाईल, आणि चोर म्हणून घालवलेलीला या धंद्यात दुसरं कोण उभं करणार? विकीने माझी चालीच्या चित्रांची वही कधी पाहिली ते त्याच्याकडून काढून घ्या आणि मला लिहून द्या. बापाने लेकाविरुद्ध लिहावं असं मागते आहे, लाज वाटते. पण पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. नुसत्या येरझारा चालल्यात. आई म्हणते, फरशी झिजेल.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आजवर मागावा लागला नाही, या वेळी मागते.

तुमची
हेमांगी


वटार
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

चि. हेमांगी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी विकीला फैलावर घेतलं. तो आईची शपथ घेऊन सांगतो की वही पाहिली नाही, भूत त्याच्याच डोक्यातून निघालं. मग मेलरॉयच्या फोनवर मी दोन्ही बघितली. मला तर डोंबल काही कळलं नाही. तुझी मामी वालाच्या शेंगा सोलत शेजारी बसली होती. तिने एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि हसत सुटली. ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली की अहो, हे दोघं म्हणजे तुम्हीच.

मला राग आला. तेव्हा तिने मला वाडीत पाटापर्यंत चालायला लावलं, ती मागून आली आणि मेलरॉयने फोनवर टिपलं. बाई गं, मीच की तो बगळा! सदुसष्ट वर्षांत एका माणसाने मला सांगितलं नाही. ओल्या बांधावर पाय आधी चाचपूनच टाकावा लागतो, माझे वडीलही असेच चालत. थांबतो कशाला म्हणशील, तर गुडघा दुखत असेल. तुम्ही दोघं मे महिन्यात केळीतून माझ्या मागे मागे फिरायचात, तेव्हाच उचललं असणार. आता चोर कोण ते तूच सांग.

मेलरॉयने टिपलेलं ऑफिसला दाखवावं म्हटलं, तर विकी हसला. म्हणाला, चित्रं हलवून पोट भरणारे लोक हलत्या चित्रावर कधी विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा मीच येतो. गुडघ्याचं ऑपरेशन १३ तारखेला ठरलं होतं, ते पुढे ढकलायला सांगितलं आहे. नवा गुडघा बसला की चाल सरळ होते म्हणे, मग तुझा पुरावाच जायचा.

नीट जेवत जा. येरझारा घालायच्याच तर वाडीत ये, निदान पाटाची माती तरी दबेल.

तुझा
हरेश्वरमामा


वटार
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

हेमांगीताईस (बघ, ताई म्हटलं),
सा. न. वि. वि.

भेटायचं नाही, फोन नाही. पत्राबद्दल तुझ्या ताकिदीत अक्षर नाही, म्हणून ही हिंमत.

तू बाबांना उलट टपाली कळवलंस की बगळा तुझ्या कल्पनेतून आला, त्यांनी यायची गरज नाही, ऑपरेशन करून घ्यावं. ते पत्र वाचून मी पहिल्यांदा खूश झालो. खरं सांगतो. कारण मी आमच्या सगळ्या ऑफिससमोर उभा राहून सांगितलं होतं की हे भूत माझ्या डोक्यातून आलं. टाळ्या झाल्या, साहेबांनी केक कापला. आता त्याच लोकांना जाऊन काय सांगू, की ते माझ्या बाबांचं चालणं आहे आणि मला पत्ताच नव्हता?

पण काल बाबा ओटीच्या पायरीवर गुडघा दोन्ही हातांत धरून बसले होते. मी ऑपरेशनचं काढलं तर म्हणाले, पोरीची नोकरी आधी. त्यांनी तारीख बदललीच आहे, तू नको म्हटल्याने ते ऐकणार नाहीत. मग उगाच कशाला ताणतेस? आज मी साहेबांना खरं सांगून टाकलं. केक परत मागितला नाही एवढंच.

सोमवारी १७ तारखेला आई-बाबा दोघांना घेऊन येतो. राग असेल तो ठेव, पण दार उघड.

तुझा (थोडासा चोर)
विकी


एव्हरशाईन सिटी
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. विकी यास,
आशीर्वाद. (ताई म्हटलंस ना, मग भोग.)

फोन शुक्रवारी मिळणार, आणि तोवर पोटात ठेवणं मला जमणार नाही. फटाकाचा माणूस म्हणून तुला गेटवरच अडवलं, त्यामुळे वर काय झालं ते तुला कळलंच नाही. मामा आणि मामी तर खाली येऊन एवढंच म्हणाले असतील की झालं सगळं.

अरे, काहीच होत नव्हतं! मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. चौकशीला तिघं जण. मामींना कोपऱ्यात खुर्ची दिली आणि मामांना म्हणाले, चाला. तर मामा सव्वीस जानेवारीच्या संचलनात असल्यासारखे चालले! छाती पुढे, हात ताठ. पाच वेळा चालायला लावलं, पाचही वेळा तेच. एकदाही थांबले नाहीत. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यांच्यातल्या बाईंनी अगदी गोड बोलून, तुम्ही निघा, असं सुचवलं.

दोघं निघाले. लिफ्टपर्यंत लांबच लांब गुळगुळीत वाट आहे. मामा पुढे आणि मागे मामी, हातात केळ्यांची पिशवी. त्या लोकांसाठी आणलेली केळी द्यायचीच राहून गेली होती. आणि तिथे, विकी, डावा पाय चाचपत पुढे गेला. चार पावलं. थांबले. खांदा पडला, मान मागे वळली. पुन्हा चार पावलं. त्या तिघांतले आमचे सगळ्यात जुने चित्रकार कौस्तुभ सर चष्मा सावरत दाराशी धावले, त्यांच्या मागे बाकीचे दोघं. लिफ्टचं दार बंद होईस्तोवर तिघंही बघत राहिले. माझी नोकरी राहिली. सिनेमाच्या शेवटी मामांचं नाव येणार आहे, तुमच्या सिनेमातही यायला हवं, तू भांड.

पण नंतर कौस्तुभ सरांनी विचारलं की ते मध्येच का थांबतात? मी म्हटलं, दमतात. ते म्हणाले, तू त्यांना विचारलं होतंस का? विकी, माझा बगळा जुन्या तळ्याच्या आठवणीने मागे बघतो. तुझं भूत स्वतःलाच घाबरून मागे बघतं. दहा वर्षं आपण कोणाच्या स्टुडिओत जास्त कल्पकता म्हणून भांडलो, आणि विचारलं दोघांनीही नाही. नोकरी राहिली तरी मला चैन नाही. मामींना विचारून कळव.

अजूनही थोडी रागावलेली,
हेमांगी


वटार
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. हेमांगी हिस,
मामीचे खूप खूप आशीर्वाद.

ह्यांचा गुडघा चांगला बसला, काळजी करू नको. जॉयस नावाची पोरगी व्यायाम घ्यायला येते. एक दोन, एक दोन असं मोजते आनि म्हनते, काका, मध्ये थांबायचं नाही. सगळा गाव म्हनतो की हरेश्वर आता जवानासारखा चालतो.

विकीने मला विचारलं होतं, हे का थांबतात म्हनून. मी हसून उडवलं. पोराला काय सांगायचं? तुला लिहिते.

लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ह्यांच्या मागून बांधावरून चालायचे. पाटीखाली पाय कुठे पडतो ते दिसायचं नाही. विकीच्या वेळी सातवा महिना होता आनि मी पाटात पडले. पोट वाचलं, पन हे फार घाबरले. तेव्हापासून चार पावलं गेली की हे थांबायचे, मी आले का बघायचे. पाटी सुटून वीस वर्षं झाली, पन ह्यांचं थांबायचं सुटलं नाही. ह्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. मी कधी बोलले नाही, बोलले असते तर लाजून सोडलं असतं. त्या दिवशी तुमच्या ऑफिसात मला खुर्चीवर बसवलंत, मग हे कोनासाठी थांबनार?

काल ऑपरेशननंतर पहिल्यांदा वाडीत गेलो. हे पुढे, मी मागे. कुठे न थांबता सरळ चालत गेले, पार विहिरीपर्यंत. मी पाटाजवळ उभी राहिले. एवढ्या वर्षांत हाक मारायची कधी पाळीच आली नव्हती, तर काय म्हनून मारायची तेच मला सुचेना.

तुझा सिनेमा लागला की मला ने. विकीचा पन बघेन. ह्यांना आनू नको, आपन दोघीच जाऊ.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
रंभामामी